सिम्पथेटिक सिस्टीमवरची औषधं एकमेकांच्या उलट का वागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे फार्मसीला शिकतात. घरी वडिलांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे, सर्दी झाली की ते नाकात ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब टाकतात, आईला दम्यासाठी सालब्युटामॉलचा पंप आहे. पुस्तकात ही चारही औषधं सिम्पथेटिकच्या, म्हणजे ताण आला की पल्स-बीपी वाढवून शरीर सज्ज करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या नर्व्हच्या सिस्टीमच्या एकाच धड्यात येतात. मग एकाने बीपी उतरतं, एकाने चढू शकतं, एकाने छाती मोकळी होते, असं कसं? आणि हे सगळं एकाच घरात चालू असेल तर जपायचं कुठे?

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काढलीयत, आणि आमचं निम्मं काम म्हणजे ही एकच सिस्टीम सांभाळणं. शिरेतून औषध दिलं की मिनिटाभरात मॉनिटरवर दिसतं काय झालं ते, त्यामुळे पुस्तकात जे तक्ते पाठ करावे लागतात ते इथे डोळ्यासमोर घडतात. जरा लांबण लागेल पण लिहितेय, कारण हा धडा लोक नावं घोकून पास होतात आणि पुढे पेशंटची औषधांची पिशवी समोर रिकामी झाली की गोंधळतात.

"हे औषध सिम्पथेटिक वाढवतं की कमी करतं" हा प्रश्न आधी सोडून द्या. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. औषध नेमकं कुठल्या जागी जाऊन धरतं, आणि त्यावर शरीर उलट काय करतं. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो.

जागा कुठल्या ते पटकन बघू. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो, छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत बाहेर पडतो, मणक्याशेजारच्या गँग्लियात (नर्व्हच्या गाठींत) पहिली नर्व्ह संपते आणि दुसरी सुरू होते. या सांध्यावर निरोप पोचवायचं काम ॲसिटिलकोलिन करतं आणि ते निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची निरोप ओळखणारी जागा). सिगरेटमधलं निकोटिन इथेच आणि ॲड्रिनल ग्रंथीवर काम करतं म्हणून सिगरेट ओढली की पल्स आणि बीपी दोन्ही चढतात. हाच सांधा बंद करणारी हेक्सामेथोनियमसारखी औषधं एकेकाळी बीपीसाठी वापरायचे, बीपी उतरायचंही, पण उभं राहिलं की चक्कर, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, जवळचं धूसर दिसणं हे सगळं सोबत यायचं, कारण पॅरासिम्पथेटिकचा, म्हणजे विश्रांतीच्या बाजूने काम करणाऱ्या जोडीदार सिस्टीमचा सांधासुद्धा अगदी तसाच असतो आणि दोन्ही एकदम बंद पडायचे. त्यामुळे ती मागे पडली.

दुसरी नर्व्ह अवयवापर्यंत जाते आणि तिथे नॉरॲड्रिनलिन सोडते. याला अपवाद दोन. घामाच्या ग्रंथींना जाणारी नर्व्ह आहे सिम्पथेटिकच, पण ती ॲसिटिलकोलिन सोडते. हे लक्षात ठेवा, शुगरच्या पेशंटबद्दल बोलताना पुन्हा येणार आहे. आणि ॲड्रिनल ग्रंथीच्या आतल्या भागाला पहिली नर्व्हच थेट पोचते आणि ती ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते, त्यात साधारण ८० टक्के ॲड्रिनलिन आणि बाकी नॉरॲड्रिनलिन.

आता त्या नर्व्हच्या टोकाशी थांबू, कारण निम्मी औषधं इथेच आहेत. टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, ते डोपामिन छोट्या पिशव्यांमध्ये ओढलं जातं आणि आत त्याचं नॉरॲड्रिनलिन होऊन साठून राहतं. सिग्नल आला की पिशवी फुटते, नॉरॲड्रिनलिन बाहेर पडतं, समोरच्या रिसेप्टरवर काम करतं, आणि मग बहुतांश माल तीच नर्व्ह परत आत ओढून घेते. पुन्हा वापर. लोकांना वाटतं एन्झाइम लगेच त्याला मोडून टाकतं म्हणून परिणाम थांबतो, पण नर्व्हच्या टोकाशी मुख्य काम या परत ओढण्याचंच असतं, मोडतोड नंतरची. ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी हे दाखवलं, १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, आणि त्याच वर्षी त्यांच्यासोबत उल्फ फॉन ऑयलर होते ज्यांनी या नर्व्ह नॉरॲड्रिनलिन सोडतात हे १९४६ साली सिद्ध केलं होतं.

या साखळीतली प्रत्येक कडी एखाद्या तरी औषधाने धरलेली आहे. पिशवीत माल भरायचा पंप बंद केला की साठाच रिकामा होतो, ते रेसरपिन, सर्पगंधेतलं. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने बीपी उतरतं याबद्दल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि त्यानंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं. नर्व्हमधला साठा संपला की बीपी खाली येतंच, पण मेंदूतले साठेही तसेच रिकामे होतात, म्हणून सुस्ती आणि काही जणांत डिप्रेशन. परत ओढायचा पंप बंद केला की नॉरॲड्रिनलिन बाहेरच रेंगाळतं, ते कोकेन, जुने ट्रायसायक्लिक अँटीडिप्रेसंट आणि व्हेनलाफॅक्सिनसारख्या गोळ्या. व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढवला की काही पेशंटचं बीपी वाढतं, ते यातूनच. कोकेनबद्दल एक सांगून ठेवते, तरुण धडधाकट माणूस छातीत दुखतं म्हणून येतो आणि ईसीजी हार्ट अटॅकचा निघतो तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या, पल्स चढलेली आणि बीपी वर, हे तिन्ही एकदम घडलेलं असतं, म्हणजे हृदयाला रक्त कमी आणि काम जास्त. यात पेशंटने खरं सांगितलं तर त्याचा जीव वाचायची शक्यता वाढते, कारण उपचार बदलतो, आधी शांत करणारी बेंझोडायझेपाइन्स आणि रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रेट, सरसकट बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग कमी करणारं, मेटोप्रोलॉलसारखं औषध) नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे साठा ढकलून बाहेर काढणारी औषधं. एफेड्रिन, ॲम्फेटामिन, आणि अन्नातलं टायरामिन. ही स्वतः रिसेप्टरवर फारसं काही करत नाहीत किंवा थोडंच करतात, मुख्य काम नर्व्हमधलं नॉरॲड्रिनलिन बाहेर लोटायचं. हा फरक परीक्षेपुरता नाही, ओटीत रोज दिसतो, म्हणून एक प्रसंग जवळून दाखवते.

मणक्यातून भूल देतो तेव्हा बुपिव्हॅकेनचं इंजेक्शन पाठीत जातं. सगळ्यात आधी बंद पडतात त्या बारीक सिम्पथेटिक नर्व्ह, दुखणं आणि हालचाल नंतर. पेशंट म्हणतो पाय गरम वाटतायत, हात लावून बघितलं तर तळवे खरंच उबदार झालेले असतात, कारण आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या सैल पडल्या. वरवर बघता चांगलीच गोष्ट, पण शरीरातलं बहुतेक रक्त शिरांमध्ये असतं आणि त्याच शिरा आता ढिल्या झाल्यात, रक्त पायात आणि पोटात साचतं, हृदयाकडे परत कमी येतं. मग पेशंट जांभई देतो किंवा "मळमळतंय" म्हणतो. कफने पुढचं रीडिंग द्यायच्या आधी पेशंटचा चेहरा सांगतो की बीपी पडलं, आणि आम्ही ज्युनिअरला हेच शिकवतो की मळमळ म्हणाला की उलटीचं औषध शोधू नको, बीपी बघ. सिम्पथेटिकचा ब्लॉक सुन्नपणापेक्षा साधारण दोन पातळ्या वर चढलेला असतो, आणि तो छातीच्या वरच्या चार पातळ्यांपर्यंत गेला की हृदयाला वेग देणाऱ्या नर्व्हही बंद होतात, मग बीपीसोबत पल्सही मंदावते.

आता माझ्या हातात दोन सिरिंज आहेत. फेनिलेफ्रिन थेट अल्फा वन या रिसेप्टरवर बसतं (अल्फा-बीटा काय ते पुढे येतंच), रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वर येतं आणि पल्स आणखी कमी होते. एफेड्रिन मुख्यतः साठा ढकलतं, त्यामुळे बीपीसोबत पल्सही वर येते. म्हणजे पल्स आधीच ५० वर आली असेल तर मी फेनिलेफ्रिनला हात लावत नाही, एफेड्रिन घेते, आणि पल्स ११० असेल तर बरोबर उलट. सिझेरियनमध्ये मात्र पल्स ठीक असेल तर फेनिलेफ्रिनकडेच कल असतो, कारण एफेड्रिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाच्या रक्तातलं ॲसिड वाढू शकतं. आणि एफेड्रिनचा पहिला डोस जोरात लागतो, दुसरा बरा, तिसरा-चौथा मात्र नुसता गेल्यासारखा वाटतो. औषध खराब नसतं, नर्व्हच्या टोकाशी ढकलण्याजोगा माल संपत आलेला असतो. अशा वेळी त्याचेच डोस देत बसण्यात अर्थ नसतो, थेट रिसेप्टरवर बसणारं काहीतरी, फेनिलेफ्रिन नाहीतर नॉरॲड्रिनलिन, घ्यावं लागतं. रेसरपिनवर असलेल्या पेशंटला एफेड्रिन पहिल्या डोसपासूनच नीट लागत नाही, आणि ज्याचं हृदय बदललेलं आहे त्याच्या नव्या हृदयाला नर्व्हच जोडलेल्या नसतात त्यामुळे तिथेही ते हृदयावर हवं तसं काम करत नाही.

उलट टोक म्हणजे एमएओ इनहिबिटर, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेझ (एमएओ) हे एन्झाइम बंद करणारी औषधं. हे एन्झाइम नर्व्हच्या आतला जादा माल मोडतं, आणि आतड्यात-लिव्हरमध्ये अन्नातलं टायरामिनही मोडतं. ते बंद केलं की साठा फुगतो, आणि मुरवलेल्या चीजमधलं टायरामिन न मोडता रक्तात जाऊन तो फुगलेला साठा एकदम बाहेर काढतं, बीपी इतकं चढतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. या गटातली फेनेलझिन, ट्रॅनिलसिप्रोमिन आज फार कमी दिसतात म्हणून हा भाग लोक सोडून देतात, पण लिनेझोलिड हे अँटिबायोटिक स्वतः सौम्य एमएओ इनहिबिटर आहे आणि त्यावर असलेल्या पेशंटने सर्दीची स्यूडोएफेड्रिनवाली (एफेड्रिनच्याच जातीची) गोळी घेतली तर बीपी चढू शकतं. फार्मसीच्या काउंटरवर उभे राहाल तेव्हा हे आठवा.

हे झालं नर्व्हच्या टोकाचं. पलीकडच्या बाजूला रिसेप्टर. १९४८ साली रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रिनलिनसारखी बरीच संयुगं वेगवेगळ्या अवयवांवर लावून पाहिली आणि त्यांना दिसलं की कोण जास्त जोरदार याचा क्रम अवयव बदलला की बदलतो, पण क्रम दोनच प्रकारचे निघतात. त्यावरून त्यांनी अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर मांडले. बरीच वर्षं कुणी फार मनावर घेतलं नाही, मग जेम्स ब्लॅक यांनी त्या कल्पनेवर विसंबून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल बनवलं, आणि त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. मला हा इतिहास फार आवडतो कारण रिसेप्टर तेव्हा कुणी पाहिलेलाही नव्हता, नुसत्या क्रमावरून ओळखला.

तुमच्या घरातली चार औषधं आता सुटसुटीत होतात. ऑक्सिमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या अल्फा रिसेप्टरला चालू करतं, रक्तवाहिन्या आवळतात, सूज उतरते, नाक मोकळं. टॅमसुलोसिन अल्फा वनला बंद करतं, त्यातही मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असतो तो उपप्रकार जास्त, म्हणून लघवीची वाट सैल होते आणि बीपी त्यामानाने थोडंच पडतं. मेटोप्रोलॉल बीटा वनला बंद करतं, तो हृदयात आणि किडनीत रेनिन (बीपी वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारा पदार्थ) सोडणाऱ्या पेशींवर असतो. सालब्युटामॉल बीटा टूला चालू करतं, तो श्वासनलिकांच्या स्नायूत असतो आणि तिथे त्याचं काम स्नायू सैल करण्याचं आहे. सिस्टीम एक, पण दोन औषधं रिसेप्टर चालू करतात, दोन बंद करतात आणि प्रत्येकाचा रिसेप्टर वेगळ्या अवयवात आहे. त्यामुळे उलटसुलट वागतात असं जे वाटतं ते तसं नाहीये, प्रत्येकजण आपापल्या जागी अगदी सरळ वागतोय.

फक्त एक, रिसेप्टर हव्या त्या अवयवातच असतो असं नाही. बीटा टू हातापायांच्या स्नायूतही आहे, म्हणून पंपाचे डोस जास्त झाले की हात थरथरतात, आणि तिथेच पोटॅशियम पेशीत शिरतं त्यामुळे रक्तातलं कमी होतं. नेब्युलायझरवर तासनतास असलेल्या दम्याच्या पेशंटचं पोटॅशियम तपासायचं ते याचसाठी, आणि याच गुणाचा उपयोग करून पोटॅशियम धोकादायक वाढलेल्या किडनीच्या पेशंटला सालब्युटामॉल देतातही.

डोसनेही चित्र पालटतं. ॲड्रिनलिन हळूहळू थोडं दिलं तर बीटा टू पुढे असतो, स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बीपीचा खालचा आकडा उतरतोसुद्धा. डोस वाढवला की अल्फा हावी होतो आणि सगळं आवळतं. ॲनाफायलॅक्सिसमध्ये म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत आपल्याला दोन्ही हवं असतं, रक्तवाहिन्या आवळणारा अल्फा आणि श्वासनलिका उघडणारा बीटा टू, म्हणून मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं आणि उशीर करायचा नाही. अँटीहिस्टामिन आणि स्टेरॉइड ही नंतरची औषधं, तिथे वेळ घालवू नये. आणि पेशंट आधीपासून बीटा ब्लॉकरवर असेल तर ॲड्रिनलिन हवं तसं लागत नाही, तेव्हा ग्लुकागॉन कामाला येतं कारण ते बीटा रिसेप्टरला वळसा घालून हृदयात तोच परिणाम घडवतं.

आता दुसरा प्रश्न, शरीर उलट काय करतं. नॉरॲड्रिनलिन हृदयाच्या बीटा वनवरही काम करतं, म्हणजे पल्स वाढायला हवी. पण बीपी चढलं की मानेतल्या आणि महाधमनीतल्या बॅरोरिसेप्टरला (बीपी जोखणाऱ्या जागांना) ते कळतं, मेंदू हृदय मंदावणारी व्हेगस नर्व्ह जोरात चालवतो आणि पल्स उलट मंदावते. फेनिलेफ्रिननंतर पल्स कमी होते ती याचमुळे. त्याच्याच उलट, बीपीसाठीची निफेडिपिनची लवकर सुटणारी कॅप्सूल किंवा हायड्रॅलाझिन दिलं की रक्तवाहिन्या एकदम उघडतात, बीपी पडतं, आणि सिम्पथेटिक आपणहून पेटते, धडधड सुरू. म्हणजे ज्या औषधाचा सिम्पथेटिकशी थेट संबंधच नाही त्यानेही ती चाळवली जाते. ॲट्रोपिनही असंच, त्याने पल्स वाढते पण ते सिम्पथेटिकला हातच लावत नाही, व्हेगसने खेचून धरलेला लगाम सोडून देतं एवढंच.

आणि परिणाम किती होणार हे आधी सिम्पथेटिक किती जोरात चालली होती त्यावर ठरतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शांत झोपलेल्या तरुणाला बीटा ब्लॉकर दिला तर पल्स थोडी कमी होते, पण तोच जिने चढत असेल तर फरक मोठा. दोन पेशंटना सारखीच मणक्यातली भूल दिली, एक भरपूर पाणी प्यायलेला तिशीतला, दुसरा दोन दिवस उलट्या-जुलाब होऊन सुकलेला. दुसऱ्याचं बीपी भुलेच्या आधी ११० दिसत असेल, पण ते त्याच्या सिम्पथेटिकने सगळी ताकद लावून धरून ठेवलेलं असतं, ती ताकद मी इंजेक्शनने काढून घेतली की ६० ला यायला वेळ लागत नाही. म्हणून नुसता आकडा बघून चालत नाही, तो आकडा कशाच्या जिवावर उभा आहे ते बघावं लागतं. केटामिन या भुलेच्या औषधाचंही तेच. ते सिम्पथेटिकला चाळवून बीपी वाढवतं म्हणून शॉकमधल्या पेशंटला चांगलं असं शिकवतात, पण हृदयावर त्याचा थेट परिणाम दाबण्याचाच आहे, आणि जो पेशंट कित्येक दिवस आयसीयूत झुंजून रिकामा झालाय त्याच्यात चाळवायला काही उरलेलं नसतं, मग केटामिननेही बीपी पडतं.

शरीराचं आणखी एक उत्तर दिवसा-आठवड्यांनी येतं. रिसेप्टर बराच काळ बंद ठेवला की पेशी त्यांची संख्या वाढवतात, सतत चालू ठेवला की कमी करतात. बीटा ब्लॉकर महिनोन्‌महिने घेतलेल्या माणसाने तो एका दिवशी थांबवला तर वाढलेले रिसेप्टर उघडे पडतात, समोर नेहमीचंच ॲड्रिनलिन असतं पण परिणाम जास्त, पल्स उसळते, ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्याला छातीत दुखू शकतं, अटॅकही येऊ शकतो. म्हणून तो एक-दोन आठवड्यांत उतरवत बंद करतात. क्लोनिडिन या बीपीच्या औषधाचं तर याहून अवघड. ते अल्फा टूला चालू करतं, हा रिसेप्टर मेंदूत आणि नर्व्हच्या टोकावर बसून नॉरॲड्रिनलिन सोडणंच कमी करतो, त्यामुळे चालू करूनही सिम्पथेटिक शांत होते. मुळात हे औषध नाक मोकळं करायला शोधलं होतं, निघालं बीपी उतरवणारं आणि झोप आणणारं. चांगल्या डोसवर असताना अचानक थांबवलं तर एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर जातं, सोबत घाम, डोकेदुखी, अस्वस्थता. क्लोनिडिनसोबत बीटा ब्लॉकरही चालू असेल तर ते आणखी बिघडतं, तिथे आधी बीटा ब्लॉकर उतरवायचा असतो.

वडिलांच्या नाकातल्या थेंबांचंही हेच. तीन ते पाच दिवस ठीक. त्यापुढे रिसेप्टर दाद देईनासे होतात, थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, असं महिनेच्या महिने चालतं आणि माणसाला वाटतं सर्दीच जात नाहीये. सोडवायचा उपाय म्हणजे थेंब बंद करणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे काही आठवडे, पहिले काही दिवस त्रास होतो. तोंडाने घ्यायच्या सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन तर आतडं आणि लिव्हरमध्येच इतकं मोडलं जातं की नाकापर्यंत फारसं पोचत नाही, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ साली ते परिणामकारक नसल्याचं मत दिलं आणि २०२४ मध्ये एफडीएने ते चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सर्दीच्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. मी शिरेतून देते तेच हे फेनिलेफ्रिन, तिथे काही मायक्रोग्रॅममध्ये बीपी हलतं. औषध एकच, पण ते कुठल्या वाटेने जातं यावर सगळं ठरतं.

रिसेप्टरच्या या चढउताराचा सगळ्यात मोठा धडा हार्ट फेल्युअरने दिला. हृदय कमजोर, सिम्पथेटिक त्याला हाकून चालवतेय, अशा वेळी बीटा ब्लॉकर देणं म्हणजे असलेला आधार काढणं असं मानायचे आणि ते वरवर अगदी पटण्यासारखं होतं. पण सतत नॉरॲड्रिनलिनचा मारा होऊन हृदयाचे स्नायू मरत जातात आणि बीटा वन कमी होत जातात. स्वीडनमध्ये फिन वाग्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अशा पेशंटना बीटा ब्लॉकर देऊन सुधारणा दाखवली, आणि १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या मोठ्या ट्रायल्समध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. मात्र सुरुवात अगदी बारीक डोसने, कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम, बिसोप्रोलॉल १.२५, आणि आठवड्या-आठवड्यांनी वाढवत न्यायचं, कारण पहिल्या दिवशी तो आधार खरंच कमी होतो, फायदा महिन्यांनी दिसतो.

शुगरचं सांगायचं राहिलं होतं. इन्सुलिनवर असलेल्या माणसाची शुगर उतरते तेव्हा धडधड आणि थरथर हा इशारा असतो, तो बीटा रिसेप्टरमार्फत येतो, म्हणून बीटा ब्लॉकर तो झाकतो. घाम मात्र येतच राहतो, कारण ती नर्व्ह ॲसिटिलकोलिन सोडते आणि बीटा ब्लॉकरचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे अशा पेशंटला सांगून ठेवायचं की विनाकारण घाम फुटला तर शुगर तपासा, धडधडीची वाट बघू नका.

आणि दोन जागा एकदम खेचलेल्या असतील तर कुठली आधी सोडायची हाही प्रश्न असतो. ॲड्रिनलच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन सटासट रक्तात येतं. धडधड दिसते म्हणून आधी बीटा ब्लॉकर दिला तर रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारा बीटा टू बंद होतो, आवळणारा अल्फा मोकाट सुटतो आणि बीपी भयानक चढतं. म्हणून आधी फिनॉक्सीबेन्झामिन किंवा प्राझोसिनसारखं औषध देऊन अल्फा बंद करायचा, साधारण १० ते १४ दिवस, सोबत पाणी-मीठ भरपूर, आणि बीटा ब्लॉकर त्यानंतर.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर आईच्या दम्याला सगळ्यात जास्त धोका वडिलांच्या पाकिटातल्या गोळीचा आहे. कुणीही "तुलाही धडधडतंय ना, घे" म्हणून ती तिला देऊ नये, मेटोप्रोलॉल बीटा वनकडे झुकलेलं असलं तरी डोस वाढला की फरक पुसट होतो आणि दम्यात श्वासनलिका आवळू शकतात. काचबिंदूसाठी टिमोलॉल या बीटा ब्लॉकरचे थेंब तिला कुणी लिहिले तर दमा आहे हे आधी सांगा, डोळ्यातला थेंब नाकात उतरून तिथून थेट रक्तात जातो आणि लिव्हरमध्ये मोडला जायच्या आधीच फुफ्फुसापर्यंत पोचतो. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅमसुलोसिन चालू आहे, किंवा पूर्वी चालू होतं, हे सर्जनला सांगा. बाहुली मोठी ठेवणारा स्नायूही अल्फा वनवर चालतो, तो ढिला पडून बुबुळ ऑपरेशनमध्ये लपलपतं, आणि काही दिवस आधी गोळी बंद केल्याने हे हमखास टळत नाही, सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने उतरतो. रात्री लघवीला उठताना त्यांनी दोन मिनिटं पलंगावर बसून मगच उभं राहावं, टॅमसुलोसिनने बीपी थोडंच पडतं म्हणजे पडतच नाही असं नाही, त्यात सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली तर जास्त पडतं. बीपी असताना स्यूडोएफेड्रिनवाल्या सर्दीच्या गोळ्या टाळा. आणि कुठलंही ऑपरेशन असो, मेटोप्रोलॉल त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायचंच असतं, उपाशी राहा सांगितलं म्हणून गाळायचं नसतं, उलट जो बीटा ब्लॉकर घेतच नव्हता त्याला ऑपरेशनच्या दिवशी नव्याने मोठ्या डोसने सुरू करत नाहीत. २००८ सालच्या पॉइझ ट्रायलमध्ये तसं केल्यावर हार्ट अटॅक कमी झाले पण स्ट्रोक आणि मृत्यू वाढले. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी भेटायला येतील तेव्हा नाकातले थेंब, डोळ्यातले थेंब, पंप, कधीमधी घेतलेली सर्दीची गोळी हे सगळं सांगा. लोक फक्त "गोळ्या" सांगतात आणि थेंब औषधात धरतच नाहीत.